शिगम्याच्या रात्रीची गर्दी आणि 4 जीबीचा सर्व्हर

गोव्यात फोंड्यातल्या एका मराठी वर्डप्रेस संकेतस्थळाचा सर्व्हर मी सांभाळतो. जत्रांच्या तारखा, नाटकांचे प्रयोग, शिगमोत्सवाचे मार्ग, असा मजकूर. एरवी सर्व्हर निवांत असतो. मिरवणुकीच्या संध्याकाळी मात्र चित्ररथ कुठवर पोचले, रस्ता कुठे बंद आहे, हे बघायला सगळे एकाच पानावर येतात आणि दर मिनिटाला रिफ्रेश करतात. तेव्हा 504, म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर न आल्याची एरर, दिसू लागला.

वर्डप्रेसची पानं बनवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या लॉगमध्ये सूचना होती: मॅक्स चिल्ड्रनची (एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची) मर्यादा गाठली, ती वाढवण्याचा विचार करा. हा सल्ला डोळे झाकून ऐकू नये. मी 20 चे 60 केले. एक प्रोसेस साधारण 80 एमबी खाते, म्हणजे 4800 एमबी; रॅम 4096. मेमरी संपली, सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, मायएसक्यूएल या डेटाबेसलाच मारलं आणि 504 च्या जागी डेटाबेस जोडणीची एरर आली. आधी हिशेब मांडावा: सिस्टिमला 500 एमबी, डेटाबेसला 1000, उरलेल्या सुमारे 2600 ला 80 ने भागलं की 32. हात राखून मी 25 ठेवले. दोनच कोर असताना त्याहून जास्त प्रोसेस नुसत्या एकमेकींची वाट अडवतात.

खरा उपाय म्हणजे विनंती पीएचपीपर्यंत जाऊच न देणं. मार्गाचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, मग ते हजारदा कशाला बनवायचं? पीएचपीच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स, त्याचा फास्टसीजीआय कॅश (तयार पानांचा साठा) 60 सेकंदांसाठी लावला. मुदत संपली की एकच विनंती नवं पान बनवते आणि तोवर बाकीच्यांना जुनं मिळतं. त्यासाठी 'यूज स्टेल' या सेटिंगमध्ये 'अपडेटिंग' लागतं. लॉग-इन कुकी असलेल्यांना कॅशमधून वगळलं, नाहीतर संपादकाला पानाच्या माथ्यावर दिसणारी वर्डप्रेसची काळी पट्टी वाचकांना दिसते.

तरीही कॅश लागेना. प्रत्येक उत्तरात कॅशची स्थिती दाखवणारा हेडर जोडला, तर सगळीकडे 'मिस', म्हणजे पान साठ्यात सापडलंच नाही. कारणं दोन निघाली. वाचकसंख्या मोजणारं एक प्लगइन प्रत्येकासाठी पीएचपी सेशन (त्या वाचकाची वेगळी नोंद) उघडत होतं. त्यामुळे उत्तरासोबत कुकी आणि 1981 सालची, म्हणजे कधीच संपलेली एक्स्पायरी जाते, आणि असं उत्तर एनजिनएक्स साठवत नाही. प्लगइन काढलं. दुसरं, फेसबुकवरून येणाऱ्या दुव्याला एफबीसीएलआयडीची वेगळी शेपटी असते, म्हणून तेच पान दर वेळी नवं समजलं जातं. कॅश ज्या किल्लीने पान ओळखतो तिच्यातून ती शेपटी वगळली. त्यानंतर लोड एकदम उतरला.

सत्तरी, सांग्यात रेंज क्षीण, म्हणून पानाचं वजनही महत्त्वाचं. मोबाइलवर काढलेले 4 एमबीचे फोटो 1200 पिक्सेल रुंदीच्या वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले. सर्वांत वरच्या फोटोला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवणं) लावू नये, तो उलट उशिरा दिसतो. वजन कमी करायला देवनागरी फॉन्ट छाटताना, अक्षरं कशी जुळवायची हे सांगणारं त्यातलं जीसब टेबल उडालं तर जोडाक्षरं फुटतात. शून्य रुंदीचा जोडक, हे अक्षरांचा आकार ठरवणारं अदृश्य चिन्हही राखावं.

सर्व्हर गर्दी पेलतो का, याची चाचणी दुसऱ्या मशीनवरून घ्यावी. त्याच सर्व्हरवरून घेतली तर चाचणीच सीपीयू खाते आणि आकडे खोटे येतात. मी ती 200 नकली वाचक, 5 मिनिटं, आणि मध्येच एकदा कॅश रिकामा करून घेतो. मिरवणुकीच्या आदल्या दिवसापासून मी एकही प्लगइन अपडेट करत नाही.