आमची वाटचाल: उद्यमबागेतली फौंड्री, जीएसटीचं वर्ष आणि आम्ही निवडलेला एडिटर

आमच्या ऑफिसात कोड लिहायला आज सगळ्या मशीनवर व्हीएस कोड हा एडिटर आहे आणि फक्त एका मशीनवर पीएचपीस्टॉर्म. असं का, हे नवीन धंदा काढणारी पोरं मला विचारतात, आणि सांगायला बसलो की गोष्ट थेट जीएसटीपर्यंत जाते, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं.

सुरुवात २००९ ची. बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक खोली, दोन असेंबल केलेले पीसी, एक यूपीएस. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, मुख्यालय आमच्याच गावात, इंजिनिअर पोरांना तोटा नाही, पण पास झालं की जो तो पुणं नाहीतर बेंगळूर धरतो, त्यामुळं जी राहिली त्यांना घेऊनच आम्ही काम केलं आणि त्यांनीच ही कंपनी उभी केली. काम बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये, गिऱ्हाईकाच्या ऑफिसातच एक सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्यांनी ब्राउझरमधून वापरायचं. उद्यमबागेतल्या फौंड्र्या, मच्छेकडची मशीन शॉप्स, खानापूर-चंदगडचे काजूवाले, दोन-चार पतसंस्था. २०१० ते २०१६ धंदा छान चालला, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

त्या वेळी आम्ही व्हर्जन कंट्रोलसाठी, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या प्रती जपायला, सबव्हर्जन (एसव्हीएन) वापरायचो, टॉर्टॉइज एसव्हीएन घालून. फोल्डरवर हिरवी टिक दिसायची, बदल झाला की लाल उद्गारचिन्ह. टूल चांगलंच होतं, त्याला मी आजही नाव ठेवणार नाही. पण ती टिक दिसायची एक्सप्लोररमध्ये, आणि पोरगा दिवसभर बसलेला असायचा नोटपॅड प्लस प्लसमध्ये. एक्सप्लोरर उघडणार कोण? रोज संध्याकाळी कमिट करायचं, म्हणजे झालेला बदल त्यात नोंदवायचा, असा नियम मी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, ती वही अजून कपाटात आहे.

मग आला १ जुलै २०१७. सीमाभागात धंदा करणाऱ्याला जीएसटी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. बेळगावच्या फौंड्रीचं बरंचसं कास्टिंग जातं कोल्हापूरकडं, शिरोलीला, गोकुळ शिरगावला, म्हणजे राज्याबाहेर. आधी व्हॅट आणि सीएसटी होतं, ते गेलं आणि आलं असं की गिऱ्हाईकाच्या जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे २९ असतील तर कर्नाटक, सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के, आणि २७ असतील तर महाराष्ट्र, सरळ आयजीएसटी १८ टक्के. शिवाय जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं चलन वेगळं, परत आलेल्याचं वेगळं. हे सगळं आमच्या सीनिअर पोरानं लिहिलं, माझ्या शेजारी बसून, मी दर मिनिटाला सीएला फोन लावून विचारत होतो आणि तो टाइप करत होता.

आणि ऐन त्या गडबडीत गावातल्याच एका कंपनीनं त्याला उचललं. नाव घेत नाही. त्यांचं ऑफिस मोठं, काचेची केबिन, रिसेप्शनला माणूस. पगार जास्त दिला, ठीक आहे, पोरगं गेलं तर गेलं, कुणाला बांधून ठेवता येत नाही. पण जाताना तो मशीन फॉरमॅट करून गेला, आणि कोडची कॉपी सोबत घेऊन गेला. आमच्या एसव्हीएन सर्व्हरवर जे होतं ते जीएसटीच्या आधीचं. नियम होता, सह्या होत्या, आणि जुन्याच्या पुढचं एक कमिट नव्हतं.

पुढं त्या कंपनीनं काय करावं? आमच्याच गिऱ्हाईकांकडं जाऊन सांगितलं की या लोकांकडं आता सोर्सच, म्हणजे मूळ कोडच, राहिला नाही, उद्या रेट बदलला तर तुमचं बिल कोण काढून देणार. आणि रेट तर त्या वर्षी जीएसटी कौन्सिलची मीटिंग झाली की बदलतच होते. आमची गिऱ्हाईकं एकामागून एक गेली. ज्यांच्याकडं मी दिवाळीत रात्री दोन वाजता जाऊन बॅकअप रिस्टोअर करून दिला होता तेसुद्धा गेले, साधा फोनही केला नाही. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

थांबले ते अण्णा. उद्यमबागेत त्यांची फौंड्री, वडिलांच्या वेळची. ती माणसं त्यांच्याकडंही जाऊन आली होती. अण्णांनी मला बोलावलं, चहा सांगितला आणि विचारलं, "तुझा कोड माझ्या मशीनवर चालू आहे की नाही?" म्हटलं आहे. "मग उचल की तिथनं." एवढंच. पीएचपी असल्यामुळं चालू सर्व्हरवर सोर्स जसाच्या तसा पडलेला असतो, कंपाइल केलेलं काही नसतं, ते आमचं नशीब. अण्णांनी केबिनची किल्ली दिली. दिवसा त्यांची बिलं चालू असायची म्हणून आम्ही रात्री जाऊन बसायचो, बाहेर भट्टी चालू, आत आम्ही फाइली काढतोय.

पण अण्णांच्या मशीनवरचा कोड अण्णांच्या सोयीचा, त्यात हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा), पॅटर्न नंबर (साच्याचा). जी गिऱ्हाईकं राहिली होती त्यांच्याकडचा कोड थोडा थोडा वेगळा. कुणाकडं चलनाचा बदल आहे पण राउंड ऑफचा नाही, कुणाकडं उलटं. हे सगळं एकत्र करायचं म्हणजे डोळ्यांनी दोन फाइली शेजारी ठेवून वाचत बसणं शक्यच नव्हतं. तिथं आम्ही गिटवर आलो, तेही सबव्हर्जनसारखंच प्रती जपणारं टूल. सर्व्हरवरची जुनी प्रत पहिलं कमिट, आणि त्यावर प्रत्येक गिऱ्हाईकाची एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी. पीएचपीस्टॉर्मची तीस दिवसांची ट्रायल घेतली, कारण त्याची मर्जची, म्हणजे दोन प्रती जोडायची, खिडकी: डावीकडं आपलं, उजवीकडं दुसऱ्याचं, मधे तयार होणारा निकाल, बाण दाबला की तेवढाच तुकडा मधे येतो. त्या खिडकीत बसून आम्ही आमचं सॉफ्टवेअर परत जुळवलं. एक फाइल मात्र कुठंच धड मिळेना, टॅक्सच्या हिशेबाचीच. ती मिळाली दुसऱ्या एका पोराच्या मशीनवर, तो नेटबीन्स हा एडिटर वापरायचा. त्यात लोकल हिस्टरी म्हणून प्रकार आहे, आपण कमिट करा न करा, फाइल सेव्ह केली की जुनी प्रत तो बाजूला ठेवतो. थोडेच दिवस ठेवतो, त्या दिवसांत आम्ही पोचलो.

त्यानंतर मी ठरवलं की व्हर्जन कंट्रोल एडिटरच्या आतच पाहिजे. वेगळं टूल कितीही भारी असू दे, पोरगं ते उघडत नाही.

मग एकेक एडिटर बघत गेलो. अ‍ॅटममध्ये २०१७ मध्ये गिट आतच आलं होतं, दिसायला सुंदर, पण आमच्या चार जीबी रॅमच्या मशीनवर ते धापा टाकायचं. नाही घेतलं ते बरंच झालं, कारण गिटहबनं डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटम बंदच केलं. सब्लाइम वाऱ्यासारखं पळतं, पण तेव्हा त्यात गिटचं आतून काहीच नव्हतं, २०१९ च्या ३.२ मध्ये समासात खुणा आल्या, तरी कमिट करायला सब्लाइम मर्जसारखं वेगळं काहीतरी लागतंच. पीएचपीस्टॉर्म सगळ्यात पुरा, पण दरवर्षी पैसे, तेही माणशी, आणि रॅम खातं. व्हीएस कोड फुकट, जुन्या मशीनवरही चालतं, आणि गिट त्यात पहिल्यापासून. ईमॅक्स या जुन्या एडिटरवाले मला त्यातलं मॅजिट हे गिटचं साधन सांगायला येतात, त्यांना माझा नमस्कार, ते चांगलंच असणार, पण खानापूरहून बसनं येणाऱ्या नवीन पोराला मला पहिल्या आठवड्यात कामाला लावायचं असतं.

फीचरची यादी वाचून निवडू नका. आम्ही काय केलं ते सांगतो. सगळ्या पोरांना एकच काम दिलं, बिलाच्या प्रिंटची एक फाइल, तिच्यात कन्नड आणि मराठी लेबलं, दोन ब्रँचमध्ये मुद्दाम वेगवेगळी बदललेली, आणि सांगितलं मर्ज करा, कुणाला विचारायचं नाही. कोण कुठं अडतं ते मागं उभं राहून बघितलं.

तेव्हा कळलं काय महत्त्वाचं ते. पहिलं, समासातली रेघ. नवीन ओळ हिरवी, बदललेली निळी, उडवलेली असेल तिथं लाल त्रिकोण, आणि त्यावर क्लिक केलं की तिथंच जुनं काय होतं ते दिसतं. पोराला वेगळं काही उघडावं लागत नाही. दुसरं, फाइलमधल्या निवडक ओळीच स्टेज करता येणं, म्हणजे पुढच्या कमिटसाठी तेवढ्याच बाजूला काढणं. एकाच फाइलीत अण्णांचा बदल आणि पतसंस्थेचा बदल असतो, ते दोन वेगळ्या कमिटमध्ये गेले पाहिजेत. व्हीएस कोडमध्ये ओळी निवडून तेवढ्याच स्टेज होतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिसरं, कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल, आला की काय दिसतं. व्हीएस कोड तिथंच वर लिहून देतं, करंट (आपलं) घ्या, इनकमिंग (दुसऱ्याचं) घ्या, बोथ (दोन्ही) घ्या. ही सोय चांगली आहे पण "बोथ"पासून सांभाळा. २०२२ पासून त्यात तीन खिडक्यांचा मर्ज एडिटरही आलाय, तोच वापरायला लावा.

"बोथ" का म्हणतो ते ऐका. आमचं एक गेलेलं गिऱ्हाईक, मच्छेतलं, त्यांचा मला एक दिवस फोन. कोल्हापूरच्या पार्टीला बिल गेलं, त्यावर सीजीएसटी ९, एसजीएसटी ९, आणि खाली परत आयजीएसटी १८. छत्तीस टक्के! पार्टीनं माल उतरवून घेतला नाही. जाऊन बघितलं तर आमचाच कोड, माझ्या शेजारी बसून लिहिलेला, वरची कॉमेंटसुद्धा आमची, फक्त दोन प्रती जोडताना दोन्ही तुकडे डोळे झाकून ठेवलेले आणि मधला २९-२७ चा तपास उडालेला. त्या मोठ्या ऑफिसात हे दोन दिवस कुणाला सापडत नव्हतं. मी त्या गिऱ्हाईकासमोर दोन्ही प्रती व्हीएस कोडमध्ये शेजारी शेजारी उघडल्या, उडालेली ओळ लाल दिसत होती. मालकांनी स्वतः वाचली. ते परत आले, त्यांच्यामागून आणखी काही आले. ज्यांना यायचं नव्हतं ते नाही आले, त्यांचं त्यांना लखलाभ.

अण्णांना मी गिट समजावून सांगत होतो तेव्हा मधेच म्हणाले, "हे म्हणजे हीट नंबर की. कास्टिंग फुटलं तर कुठल्या हीटचं, त्या दिवशी भट्टीवर कोण होतं, सगळं निघतं." मी आजही नवीन पोराला हेच सांगतो. ओळीवर अ‍ॅनोटेट लावलं की कुणी, कधी, कशासाठी लिहिली ते निघालं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक मशीनवर गिटमध्ये त्या त्या पोराचं नाव-ईमेल घाला, सगळीकडं एकच नाव घातलं की सगळ्या कमिटवर "अ‍ॅडमिन" येतं आणि मग त्या हिस्टरीचा काडीचा उपयोग नाही.

आणखी थोडं सांगतो, उपयोगी पडेल. व्हीएस कोड घातलं म्हणजे गिट आलं असं नाही, गिट वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, एडिटर फक्त त्याला हाक मारतो. डिस्कार्ड (बदल टाकून द्यायचं) बटण दाबायच्या आधी वाचा, कमिट न केलेला बदल गेला की गिट तो परत देत नाही, पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा. कन्नड किंवा मराठी नावाच्या फाइली असतील तर टर्मिनलमध्ये त्या जागी तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात, घाबरू नका, कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, नावं नीट दिसतात. कुणी विंडोजच्या साध्या एडिटरनं फाइल सेव्ह केली आणि डिफमध्ये, म्हणजे दोन प्रतींतला फरक दाखवतात तिथं, अख्खी फाइलच बदललेली दिसली तर भांडू नका, ओळीच्या शेवटचा फरक आहे तो, गिट अ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल घालून कायमचा मिटवा. आणि गिऱ्हाईकाकडं अजून विंडोज ७ असेल तर तिथं व्हीएस कोड १.७० च्या पुढचं चालत नाही, नवीन घालायच्या नादाला लागू नका. डेटाबेसचा पासवर्ड कधीही कमिट करू नका, एकदा हिस्टरीत गेला की नुसता फाइलीतून काढून तो जात नाही.

लॉकडाउनमध्ये पोरं आपापल्या गावी, कुणी येळ्ळूर, कुणी कडोली, कुणी पार गडहिंग्लज. नेट यायचं जायचं, पण गिटला कमिट करायला नेट लागत नाही, नेट आलं की पुश, म्हणजे सर्व्हरवर पाठवायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ई-इन्व्हॉइस पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, अण्णा त्यात आले, अजून बरेच आले. तो बदल एका ब्रँचवर केला आणि बाकीच्यांवर नेला, कुठल्याही गिऱ्हाईकाचं बिल एक दिवसही थांबलं नाही. ती दुसरी कंपनी त्या वेळी काय करत होती ते उद्यमबागेत कुणालाही विचारा.

आता पोरं कर्सर हा एआयचा एडिटर मागताहेत. तो व्हीएस कोडवरूनच काढलेला आहे, सोर्स कंट्रोलची बाजू तशीच दिसते, म्हणून दोन मशीनवर घालायला परवानगी दिलीय. कमिटचा मेसेज ते आपोआप इंग्लिशमध्ये लिहून देतं, ते बटण मात्र वापरायचं नाही असं सांगितलंय. मेसेज पोरांनी स्वतः लिहायचा, मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पण कुठल्या गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून बदललं ते त्यात असलं पाहिजे.