तपकीर गल्लीत मिळेल तोच पार्ट : आमची वाटचाल

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा सुटा माल घ्यायचा म्हणजे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. रिले, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, आयसी, स्पीकरचे कोन, सगळं चार पावलांच्या अंतरावर मिळतं. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या आमच्या कंपनीनं पहिल्या स्टॅबिलायझरपासून एक नियम धरला: जो पार्ट तपकीर गल्लीत काउंटरवर मिळत नाही, तो आपल्या मालात घालायचा नाही. आमचा माल घेणारं घर महिन्याचा हिशोब बसवून वस्तू घेतं. ती बिघडली तर भोर, जुन्नर किंवा दौंडच्या मेकॅनिकला ती उघडता आली पाहिजे, आणि पार्ट पुण्याहून एसटीनं मागवता आला पाहिजे. हा नियम आम्हाला कुठे उपयोगी पडला आणि कुठे जड गेला, ते इथे मांडतो.

सुरुवात स्टॅबिलायझरनं झाली. 1982 च्या एशियाडच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला आणि पुढच्या काही वर्षांत तो चाळी-वाड्यांतही पोचला. संध्याकाळी 170 व्होल्ट आणि पहाटे 250 अशी लाइन असायची. त्या काळातल्या बऱ्याच सेटना हे सोसत नसे. चित्र आक्रसायचं, आवाजात गुणगुण यायची.

आमचा स्टॅबिलायझर म्हणजे टॅप (वाइंडिंगच्या मधून बाहेर आणलेली टोकं) काढलेला एक ऑटोट्रान्सफॉर्मर, 12 व्होल्टचे तीन शुगर क्यूब रिले (कॉइलनं ओढले जाणारे छोटे स्विच) आणि एलएम 324 हा एक आयसी. या आयसीत चार कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे भाग) बसतात. तीन रिलेंना तीन लागतात, चौथा लाइन 270 व्होल्टच्या वर गेली तर आउटपुट तोडायला. झेनर डायोडवरून एक स्थिर व्होल्टेज घ्यायचं, लाइनचा नमुना प्रीसेटमधून (फिरवून लावायच्या रेझिस्टरमधून) द्यायचा, आणि डिमरस्टॅट (लाइनचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) फिरवत एकेक रिले कुठे ओढतो ते लावायचं. सेटिंग झालं की प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब. तो टाकला नाही तर टेम्पोच्या हादऱ्यानं प्रीसेट सरकतो आणि दुकानात पोचेपर्यंत सेटिंग दहा-बारा व्होल्टनं हललेलं असतं.

यात सगळ्यात मोठी चूक हिस्टेरिसिस (रिले ओढण्या-सुटण्यातलं अंतर) न देण्याची. लाइन नेमकी बदलाच्या पातळीवर असली तर रिले टकटक करत राहतो. प्रत्येक टकटकीला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, काही आठवड्यांत कॉन्टॅक्ट काळे होऊन चिकटतात, आणि मग बूस्टचा, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा, टॅप अडकून राहतो. पहाटे लाइन चढली की टीव्हीला 280 जातात. उपाय एका रेझिस्टरचा: कंपॅरेटरच्या आउटपुटकडून प्लस इनपुटला 1 मेगओहमच्या आसपासचा रेझिस्टर, म्हणजे रिले ओढण्याच्या आणि सुटण्याच्या पातळीत 5-6 व्होल्टचं अंतर पडतं. तसंच रिलेच्या कॉइलला उलटा 1एन 4007 डायोड हवाच. तो वाचवला तर कॉइल सुटताना उसळणारं व्होल्टेज रिले चालवणाऱ्या बीसी 547 ट्रान्झिस्टरला खाऊन टाकतं. पैशा-पैशाच्या या पार्टांनी स्टॅबिलायझरचं आयुष्य ठरतं. फ्रिजच्या मॉडेलला आम्ही तीन मिनिटांचा डिलेही देत होतो, कारण वीज जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब उतरलेला नसतो आणि मोटर जाम होऊन तापते.

ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग पहिल्यापासून आमच्याच नऱ्ह्यातल्या गाळ्यात होतं. हे काम बाहेर दिलं की तारेचं गेज (जाडी) पातळ होतं, असा आमचा पक्का अनुभव आहे. हिशोब सोपा आहे. 50 सायकलला आणि 1 टेस्ला चुंबकीय घनतेला टर्न पर व्होल्ट (दर व्होल्टला तारेचे वेढे) म्हणजे 45 भागिले कोअरचं, म्हणजे लोखंडी गाभ्याचं, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. 12-0-12 (मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना 12 व्होल्ट), 3 अँपिअरसाठी साधारण 9 चौरस सेंटिमीटरची कोअर घेतली की व्होल्टला 5 टर्न येतात. म्हणजे मेन्सकडची प्रायमरी 1150 टर्न, आउटपुटकडच्या सेकंडरीची प्रत्येक बाजू 60, आणि लोडवर पडणारं व्होल्टेज भरून काढायला आणखी तीन. सेकंडरीला 18 गेजची तार. बाजारात ‘3 अँपिअर’ लिहिलेल्या कितीतरी ट्रान्सफॉर्मरमध्ये 21 गेज निघते. तिचा छेद 18 गेजच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तो खरा दीड अँपिअरचा माल. अ‍ॅल्युमिनियमची तार तर त्याहून वाईट. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, साधं सोल्डर तिला धरत नाही, आणि चिमटून केलेला जोड वर्षा-दोन वर्षांत ढिला होऊन जळतो. घेताना ट्रान्सफॉर्मर हातात तोलून पाहावा. मापानं सारखा आणि वजनानं हलका असेल तर आत एक तर अ‍ॅल्युमिनियम असतं, नाही तर स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) कमी भरलेलं.

पुढे टीव्हीतच 90 ते 270 व्होल्टवर चालणारा एसएमपीएस (लाइनची चढउतार स्वतः सांभाळणारा पॉवर सप्लाय) येऊ लागला आणि टीव्हीच्या स्टॅबिलायझरची गरज संपली. फ्रिजचं काम थोडं राहिलं, तेवढं अजून करतो.

मग अ‍ॅम्प्लिफायर. रिक्षा, छोटी गणेश मंडळं, भजनी मंडळं आणि घरगुती डेक, या सगळ्यांना पुरणारा आयसी म्हणजे सान्योचा एलए 4440. 13.2 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला दोन चॅनलचे 6-6 वॉट, ब्रिज केला (दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडले) तर 19. पण पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायर एकाच चुकीनं मेले. 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर लावला की फिल्टरनंतर लोडवर 16 व्होल्ट मिळतात. रात्री लाइन 260 झाली की ते 18 च्या वर जातात आणि आयसीची मर्यादा 18 चीच आहे. मंडळाचा आवाज रात्री नवाच्या सुमाराला एकदम बंद पडायचा तो यामुळे. म्हणून आम्ही ट्रान्सफॉर्मर 11-0-11 चा केला. आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही आणि 260 लाही लोडवर व्होल्टेज 17 च्या आत राहतं. फिल्टरला 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, 25 व्होल्टचाच. दोन रुपये वाचवायला 16 व्होल्टचा घातला तर तो फुगून फुटतो.

खोक्यावर किती वॉट लिहायचे, यावर दुकानदारांशी बरीच वर्षं ओढाताण झाली. शेजारच्या खोक्यावर 1500 वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेलं असताना आमच्या खोक्यावर 12 वॉट. पण ज्या सेटचा ट्रान्सफॉर्मर 30 वॉट देत नाही, त्यातून दीड हजार येणार कुठून? आम्ही आरएमएसच (सतत मिळणारे खरे वॉट) छापत राहिलो. त्यापायी काही दुकानं सुटली. ज्या गावांत मेकॅनिक स्वतः माल विकतो, तिथे मात्र आमचा खप वाढला.

सान्योचा सेमीकंडक्टर विभाग 2011 मध्ये विकला गेला. त्यानंतर बाजारात 4440 च्या नावानं नकलाच जास्त मिळू लागल्या. एका पुरवठादाराच्या लॉटमधले आयसी आठवड्यात जळून परत येऊ लागले, तेव्हापासून प्रत्येक लॉटमधले दहा तपासूनच घेतो. अ‍ॅसिटोननं पुसल्यावर छपाई निघाली तर लॉट परत. सिग्नल नसताना करंट 100 मिलिअँपिअरच्या आसपास हवा. त्याहून फार कमी-जास्त दिसला तरी परत.

रेडिओही आम्ही केले. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मिता वाहिनी 558 वर, दोन्ही नीट लागतील असा मीडियम वेव्हचा छोटा सेट. त्यात खरी मेहनत आयएफटी (रेडिओतले छोटे ट्यूनिंग ट्रान्सफॉर्मर) 455 किलोहर्ट्झला जुळवण्याची, आणि हे काम एकेका सेटवर हातानं करावं लागतं. 1 एप्रिल 2001 पासून आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले. बाहेरून येणारा तयार रेडिओ आमच्या नुसत्या पार्टांच्या किमतीत मिळू लागला, तेव्हा आम्ही रेडिओ थांबवला.

त्यानंतर भारनियमनाची वर्षं आली. 2006 मध्ये उद्योगांच्या जनित्रांच्या आधारानं शहर भारनियमनमुक्त ठेवण्याचा ‘पुणे मॉडेल’चा प्रयोग झाला, पण तालुक्यांत अंधारच होता. आमचे इमर्जन्सी दिवे तिकडेच जात. आत 6 व्होल्ट 4.5 अँपिअर-अवरची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी. ती कायम प्लगवर राहणार असेल तर चार्जिंग 6.8-6.9 व्होल्टला थांबलं पाहिजे आणि दिवा 5.4 च्या खाली जळता कामा नये. स्वस्त दिव्यात ही दोन्ही बंधनं गाळलेली असतात. तिथे 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट मेन्सला लावून साधारण 70 मिलिअँपिअर 4 व्होल्टच्या चिमुकल्या बॅटरीत रात्रंदिवस सोडतात. आतलं पाणी उडतं आणि बॅटरी फुगते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा दिवा मेन्सपासून विलग नसतो. चार्जिंगला असताना फुटक्या डबीतून आतल्या तारेला बोट लागलं तर सरळ 230 चा धक्का. पोरं अभ्यासाला बसतात त्या दिव्यात असली जोडणी आम्ही कधीच केली नाही. लहान का होईना, ट्रान्सफॉर्मर घातलाच.

या दिव्यांत तक्रारी आल्या त्या मात्र आमच्या आवाक्याबाहेरच्या वाटत होत्या. नवीन दिवा महिन्यात मेला, असं गिऱ्हाईक म्हणायचं. कारण दुकानातल्या फळीवर सापडलं. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसून ती चार्ज धरत नाही. तेव्हापासून खोक्यावर चार्ज केल्याची तारीख असते आणि दर तीन महिन्यांनी दुकानदारानं दिवा रात्रभर चार्ज करायचा. जो करतो त्याच्याकडून तक्रार येत नाही.

एलईडी बल्बमध्ये आम्ही थोडाच काळ होतो. 2014 मध्ये सरकारी खरेदीत एका बल्बला तीनशेच्या वर भाव होता. उजाला योजनेनंतर 2016 मध्ये तो 40 च्या खाली आला. त्या भावात नीट अ‍ॅल्युमिनियम आणि 105 अंश तापमान सोसणारा कपॅसिटर घालणं आम्हाला जमत नव्हतं. थांबलो.

आता मुख्य काम ब्लूटूथ स्पीकरचं. तपकीर गल्लीचा नियम इथे सगळ्यात जड जातो, कारण सगळे पार्ट एकाच इवल्याशा बोर्डावर चिकटवलेले असतात. आम्ही मार्ग काढला तो असा: ब्लूटूथचा बोर्ड वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, चार्जर वेगळा, सगळं कनेक्टरवर. जो गेला तो बदलायचा. डबा डिंकानं चिकटवत नाही, स्क्रूनं बंद करतो. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किट छापलेला कागद लावतो.

बोर्ड वेगळे केले की एक त्रास मागे लागतो. ब्लूटूथ आणि अ‍ॅम्प्लिफायरचा ग्राउंड एकाच तारेनं नेला तर गाणं थांबल्यावर स्पीकरमधून बारीक चर्रर ऐकू येते. दोन्हींचे ग्राउंड स्वतंत्र तारांनी बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावेत आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या सप्लायला अगदी लगत 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. एवढ्यावर नाही गेली तर ब्लूटूथला 5 व्होल्टचा आयसोलेटेड (इनपुट-आउटपुट विलग ठेवणारा) कन्व्हर्टर. अँटेना बोर्डाच्या कडेला असते, ती कड स्पीकरच्या चुंबकापासून आणि पुढच्या लोखंडी जाळीपासून लांब ठेवावी, नाही तर दुसऱ्या खोलीत गेलं की आवाज तुटतो.

स्पीकरमधल्या पीएएम 8403 या आयसीचे 3 वॉट हे 5 व्होल्टवर, 4 ओहमला आणि 10 टक्के विकृती धरून असतात. 3.7 व्होल्टच्या सेलवर ते निम्म्याच्या जरा वर राहतात. आम्ही खोक्यावर तेवढेच लिहितो. सेलचंही तसंच. 18650 मापाच्या लिथियम सेलवर 9900 लिहिलेलं दिसलं तर तो सेल घेऊ नये. या मापात 3500 मिलिअँपिअर-अवरच्या आसपास मर्यादा येते, आणि नेहमीचा चांगला सेल 2000-2600 चा असतो. वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. तीस भरला तर तो जुना लहान सेल नवीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असू शकतो.

पुढे ब्लूटूथ स्पीकरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची झाली, सेलला वेगळं मानक, आणि ब्लूटूथसाठी डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची) मान्यता. लहान कंपनीला हे खर्चिक पडतं, पण आमच्या मते सक्ती योग्यच आहे. त्यामुळे आम्ही दहा मॉडेलांऐवजी तीनच ठेवली आणि तिन्हींत सेल, चार्जर, स्पीकर एकच वापरले. मेकॅनिकलाही त्यामुळे कमी पार्ट सांभाळावे लागतात.

गाळ्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक स्पीकर चार तास चालतो: दोन तास चार्जिंगला लावून, दोन तास सेलवर. बहुतेक बिघाड पहिल्या तासातच दिसतात, थंड सोल्डर (नीट न धरलेला जोड) तर हमखास. मग ड्युटीवरचा माणूस झाकणातल्या कागदावर तारीख आणि स्वतःची सही टाकतो, पिशवीत दोन जादा स्क्रू आणि चार्जिंगचं एक जादा सॉकेट घालतो, कारण हे सॉकेटच सगळ्यात आधी ढिलं होतं.