जे8, जीसीसी आणि सोलापूरचा मे महिना

मे महिन्यात सोलापुरात शहाण्या माणसाने जीसीसी (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपाइलर) कंपाइल करायला घेऊ नये, पण मला सुट्टी तेव्हाच होती.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच करतोय, म्हणजे तयार डिस्ट्रो (लिनक्सचा बांधून दिलेला संच) न घेता एकेक पॅकेज सोर्समधून स्वतः बांधायचं. लॅपटॉपला थ्रेड आठ, रॅम 8 जीबी, म्हटलं मेकला (बांधणीची कामं चालवणारा प्रोग्राम) सरळ जे8, म्हणजे एकावेळी आठ जॉब, देऊन टाकू, आठही जण राबतील. थोड्या वेळाने बघतो तर सगळं आडवं, खाली नुसतं एरर 2. आता ती शेवटची ओळ काही कामाची नसते, कारण एक जॉब मेला तरी बाकीचे हातातलं काम संपवूनच थांबतात आणि त्यांची बडबड खऱ्या एररच्या खाली साचत जाते. बरंच वर स्क्रोल केल्यावर सापडलं, सीसी1प्लस (जीसीसीचाच सी++ कंपाइल करणारा भाग) किल्ड. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ओओएम किलर. कोड बरोबरच होता, रॅम संपली आणि कर्नलने जाडजूड प्रोसेस बघून उडवली. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, बनवलेला होता की! पण आदल्या दिवशी लाईट गेली, बॅटरी तर कधीचीच मेलीय, रीबूटनंतर पार्टिशन माउंट केलं आणि स्वॅपऑन (स्वॅप चालू करायची कमांड) विसरलो. मग सोर्स परत काढला, स्वॅपऑन, जे3, झालं. (आकडा न देता नुसतं जे लिहू नका हां, मेक मग मोजतच नाही, दिसतील तेवढे जॉब सोडतो.)

पुढे एका छोट्या पॅकेजने वेगळंच नाटक केलं. हेडर फाइल (बाकीच्या कोडला आत घ्यावी लागते ती फाइल) सापडत नाही म्हणालं, तीच कमांड परत मारली तर गपचूप पास. खालच्या मजल्यावरच्या मित्राचे टॉवेलचे माग आहेत, तो शेजारीच बसलेला. "काय करूलालास बे, चालतंय ना, पुढं जा की."

म्हटलं, सुताचा बीम यायच्या आधीच माग चालू केलास तर? मग पटलं त्याला. ती हेडर बिल्डमध्येच तयार होते, आणि मेकफाइलमध्ये (मेकच्या कामांच्या यादीत) ही आधी ती नंतर असं कुणी लिहिलेलंच नाही. एकेक करून चालवलं की नशिबाने क्रम लागतो, एकदम सोडले की जो पळेल तो. दुसऱ्यांदा पास होतं ते पहिल्या वेळची हेडर तिथं पडलेली असते म्हणून, त्यामुळे असलं पास मी धरतच नाही, फोल्डर साफ करून जे1 ने परत. मेक 4.4 मध्ये, 2022 चं ते, शफल नावाचा ऑप्शन आलाय, पत्ते पिसावेत तसा क्रम पिसतो, असल्या चुका लगेच उघड्या पडतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सेगफॉल्टने, म्हणजे प्रोग्राम चुकीच्या मेमरीला हात लावून मध्येच मरतो त्याने. दर वेळी वेगळी फाइल, आणि दुपारी यायचा, रात्री नाही. जागा बदलत असेल तर माझा संशय आधी रॅमवर नाहीतर तापमानावर. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावला, स्वच्छ. शेवटी मागचं झाकण उघडलं तर फॅनमध्ये बोटभर जाड कापूस, मागांवरनं उडालेला. मित्राला दाखवला तर म्हणे, आमच्याच टॉवेलचा आहे, परत दे.