शरदातलं नाशिक आणि चौकटीत आलेली माणसं

चित्र काढायला नाशिकला जायचं असेल तर कोजागिरीच्या आगेमागे जावं, असं माझं ठाम मत आहे. पावसाने हवेतली धूळ खाली बसवलेली असते. डोंगरावरचं गवत सोनेरी व्हायला लागतं, पण ओढ्याकाठी हिरवं टिकून असतं. आणि मुख्य म्हणजे सावल्या. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत तिथे सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. ऑक्टोबरात मात्र ऐन बारालाही तो दक्षिणेकडे कललेला असतो. झाडं, भिंती, माणसं, सगळ्यांना आपापली सावली मिळते.

एरवी मी एकटीच जाते. या वेळी दिवाळीच्या आधी आई, नवरा आणि लेक, सगळेच निघालो. आईचं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, त्यामुळे मुक्काम मामांकडेच. कसारा घाट नेहमीसारखा ट्रकांच्या मागे रांगत चढलो.

इगतपुरीहून आम्ही त्र्यंबकच्या बाजूने आत वळलो. खाचरांतलं भात पिवळं पडलेलं, काही ठिकाणी कापणीही चाललेली. वरच्या मुरमाड उतारांवर नागली, आणि तिच्या शेजारी फुललेलं खुरासणीचं, म्हणजे तेलबियांचं पीक! हा पिवळा लांबून एकसंध वाटतो. जवळ गेल्यावर दिसतं की फूल हळदीच्या रंगाचं आहे आणि देठाला जांभळट झाक आहे. त्यामुळेच तो पिवळा भडक वाटत नाही. शेजारचं भात त्याच्यापुढे यलो ऑकरसारखं शांत दिसतं.

आईने गाडी थांबवायला लावली ती मात्र फुलांसाठी नाही. बांधावर एक आजी भाकरी सोडून बसल्या होत्या, आईला त्यांच्याशी बोलायचं होतं. ‘‘घरचंच तेल का हो, मावशी?’’ ‘‘घरचंच. घाण्यावर नेतो. चटनीला ठेवतो थोडी.’’ आई त्यांच्या शेजारी टेकली ती उठेचना. मी वही उघडली. एकटी असते तर चौकट रिकामी व्हायची वाट पाहिली असती. माझ्या आजवरच्या निसर्गचित्रांत माणूस अपवादानेच आहे. इथे चौकट रिकामी होणारच नव्हती. आईची हिरवी साडी, आजींचा डोक्यावरचा पदर, दोघींच्या मधे भाकरीचं फडकं, आणि त्यांच्या सावल्या बांधावरून उतरून खाचरात गेलेल्या. मी त्या दोघींना आधी काढलं आणि डोंगर त्यांच्यामागे बसवला. ब्रह्मगिरीची रांग मग फार काही न करता, एका पातळ निळ्या हातातच उमटली.

नाशिकच्या शिवाजी तुपे यांची जलरंगातली घाटाची आणि वाड्यांची चित्रं पाहून माझ्यासारखे कितीतरी जण जागेवर बसून रंगवायला लागले. ती चित्रं मी अनेकदा पाहिली आहेत. जागेला माणसांनी कसा जीव येतो, हे त्या बांधावर हाताला कळलं.

दुसऱ्या दिवशी काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधून घेतलेलं, सगळं काळ्या पाषाणात. पण हा दगड ट्यूबमधल्या काळ्या रंगाने रंगवला तर मरतो. निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत मिसळू द्यावेत. उन्हाकडच्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. तिरक्या उन्हात दगडाचा प्रत्येक थर वेगळा वाचता येत होता. नवरा लेकीला १९३० च्या सत्याग्रहाबद्दल सांगत होता: डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, बंद ठेवलेले दरवाजे. ती ऐकताना दरवाजाकडेच बघत राहिली. त्या पानावर दरवाजा आहे आणि त्याच्यासमोर पाठमोरी उभी ती. त्या दरवाजाची उंची मला तिच्यामुळे काढता आली.

पण या सहलीतलं खरं चित्र मामांच्या द्राक्षबागेत मिळालं. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली. वेली उघड्या, काड्या तपकिरी, आणि हातमोजे घातलेल्या बाया काड्यांच्या एकेका डोळ्याला, फूट यावी म्हणून, पेस्ट लावत होत्या. पेस्टमध्ये गेरू, त्यामुळे ओळच्या ओळ तांबड्या ठिपक्यांची. मोरचूद आणि चुन्याच्या जुन्या फवाऱ्यांनी खांबांवर निळसर हिरवे ओघळ आलेले. शेजारच्या प्लॉटची छाटणी आधी झालेली, तिथे पोपटी फूट निघालेली. हे सगळं लाल मातीवर नाही, काळ्या मातीवर. मी अधाशासारखी रेखाटत सुटले.

संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले. कडा सोनेरी, पोट जांभळं, असं आभाळ चित्रकाराला क्वचित मिळतं. मी पाणी घेऊन धावले. मामा बांधावर उभे राहून तेच आभाळ बघत होते. म्हणाले, ‘‘हा पडला तर फुटीवर डावणी येईल गं. रात्रीतून फवारणी करावी लागेल.’’ डावणी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग. आणि ते ट्रॅक्टरकडे गेले.

पाऊस पडला नाही. पण घरी आल्यावर मोठ्या कागदावर ते आभाळ घेताना सोनेरी कडा मी अगदी बारीक ठेवली आहे. सगळं वजन जांभळ्या पोटात आणि खाली उभ्या असलेल्या मामांच्या खांद्यांत. माझ्या चित्रमालिकेत बांधावरच्या दोघी, दरवाजासमोरची लेक आणि हे चित्र अशी सुरुवात झाली आहे. फवारणीच्या ओघळांचा रंग अजून जमवते आहे: हिरव्या व्हिरिडियनमध्ये निळा सेरुलियन जवळ जातो, पण चुन्याचा तो पांढुरका कोरडेपणा हवा, त्यासाठी थोडा गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरून पाहते आहे. फेब्रुवारीत माल उतरायला लागला की पुन्हा सगळे जाणार आहोत. आईने मामांना तसं सांगूनही टाकलं आहे, आणि या वेळी मी मोठे कागद घेऊन जाणार आहे.