नववी फेरी

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. पहाटे साडेपाचला मी सोलच्या गिंपो विमानतळाजवळच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये पोचले, तेव्हा रात्रपाळीच्या मुलीने माझ्या हातावर योतचा तुकडा ठेवला. योत म्हणजे आपल्या चिक्कीच्या गुळासारखी दाताला चिकटणारी मिठाई. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ती देतात, म्हणजे मूल पास होऊन कॉलेजला 'चिकटतं'. तिचा धाकटा भाऊ त्या दिवशी सुनुंगला बसणार होता. घरात आठवडाभर समुद्रशेवाळाचं सूप शिजलं नव्हतं, कारण शेवाळ बुळबुळीत, त्याच्यावरून घसरायला होतं.

सुनुंग ही कोरियातली कॉलेजप्रवेशाची परीक्षा. बारावीची बोर्डाची परीक्षा आणि सीईटी एकाच दिवशी उरकली तर जे होईल, ते. त्या वर्षी ५ लाख २२ हजारांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं. रस्ते मोकळे राहावेत म्हणून कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअरबाजारसुद्धा तासभर उशिरा सुरू होतो. उशीर झालेल्या मुलाला पोलीस मोटरसायकलवर बसवून केंद्रावर सोडतात. आणि दुपारी इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीच्या वेळी, १ वाजून ५ मिनिटांपासून १ वाजून ४० मिनिटांपर्यंत, अख्ख्या देशात एकही विमान उडत नाही की उतरत नाही. आणीबाणी असेल तरच अपवाद. जी विमानं आधीच हवेत आहेत त्यांनी ३ किलोमीटरच्या वर घिरट्या घालायच्या. त्या दिवशी देशभरात दीडशेच्या आसपास उड्डाणांच्या वेळा हलवाव्या लागल्या.

मी एका कोरियन लो-कॉस्ट विमान कंपनीत वेळापत्रकाचं काम करते. कुठलं विमान कुठल्या फेरीला जाईल, किती वेळ उभं राहील, बिघडलं तर त्याच्या जागी कोण, हे जमवणं हा माझा रोजचा धंदा. माझे बाबा चिपळूण आगारात एस.टी.चे वाहतूक नियंत्रक होते. लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये बसून मी शेड्यूलचे तक्ते रंगवायचे. पडद्यावर आडव्या पट्ट्यांत विमानांच्या फेऱ्या बघताना मला अजूनही तेच तक्ते दिसतात.

त्या गुरुवारी मला घोर होता एका बोइंग ७३७-८०० विमानाचा. त्याची ओळ अशी होती: सकाळी ६:३० ला जेजू बेटावरून निघायचं, ७:४० ला गिंपोला उतरायचं, ४० मिनिटं थांबून परत जेजू, पुन्हा गिंपो. दर फेरी १ तास १० मिनिटांची. अशा नऊ फेऱ्या करून रात्री १०:२० ला गिंपोला मुक्काम. गिंपोला रात्री ११ ते सकाळी ६ विमानांना बंदी असते, त्यामुळे दिवसाच्या शेवटी हाताशी उरतात फक्त ४० मिनिटं.

आता चौथी फेरी बघा. गिंपोहून १२:०० ला निघून जेजूला १:१० ला उतरणारी. ऐन बंदीच्या वेळेत.

नऊ फेऱ्यांची ओढाताण कशासाठी, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. २००४ साली सोल-बुसान वेगवान रेल्वे सुरू झाली आणि देशातले बरेचसे विमानमार्ग ओस पडू लागले. जेजूला मात्र रेल्वे जाऊ शकत नाही, मध्ये समुद्र आहे. त्याच सुमारास पाच दिवसांचा आठवडा लागू होऊ लागला, लोकांना दोन दिवसांची सुट्टी मिळायला लागली. पण विमानं होती दोनच मोठ्या कंपन्यांची, आणि त्यांची भाडी वाढत होती. बेटावरच्या माणसाला दवाखान्यासाठी सोलला जायचं तर तेच भाडं मोजावं लागे. शेवटी जेजू प्रांताच्या सरकारनेच पदर खोचला. साबण-डिटर्जंट बनवणाऱ्या एग्योंग समूहाबरोबर त्यांनी जानेवारी २००५ मध्ये जेजू एअर काढली. २० अब्ज वॉनच्या सुरुवातीच्या भांडवलात पाव हिस्सा प्रांताचा होता. जून २००६ मध्ये पहिलं उड्डाण झालं, ७८ आसनांच्या पंख्यांच्या विमानाने, मोठ्या कंपन्यांच्या सुमारे ७० टक्के भाड्यात.

लोक पंख्यांकडे बघून घाबरायचे, असं आमच्या ऑफिसातले जुने लोक सांगतात. पुढे जेजू एअरने ती विमानं काढून टाकली आणि एकाच जातीची, ७३७-८००, ठेवली. एकच जात म्हणजे वैमानिक कुठल्याही विमानावर चढवता येतो, सुटे भाग एकच, मेकॅनिकांचं प्रशिक्षण एकच. त्यांच्यामागून जिन एअर, एअर बुसान, ईस्टार, टी'वे आल्या. गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांना या स्वस्त कंपन्याच नेत होत्या. २०१५ मध्ये जेजू एअर शेअरबाजारात उतरली. २०१८ मध्ये तिने ४० नवी बोइंग विमानं मागवली. मग जपानशी बिघडलं, कोव्हिड आला, कंपन्या मरता मरता वाचल्या, आणि येन स्वस्त झाल्यावर पुन्हा झुंबड. २०२४ या एका वर्षात ८८ लाख कोरियन जपानला गेले. सोल-जेजू हा तर जगातला सगळ्यात गजबजलेला विमानमार्ग आहे, त्या वर्षी त्यावर १ कोटी ४२ लाख आसनं होती.

या सगळ्या वाढीत माझ्यासारखीचं काम एवढंच: विमान जमिनीवर कमीत कमी उभं ठेवायचं. १८९ आसनांचं विमान उभं असलं तरी आम्ही त्याच्यासाठी मोजतो ते भाडं चालूच राहतं. स्वस्त तिकीट येतं कुठून, तर नवव्या फेरीतून.

म्हणून ऑक्टोबरात, सुनुंगचं वेळापत्रक ठरवताना, मी चौथी फेरी अलीकडे ओढली होती. गिंपोला ४० ऐवजी ३० मिनिटांतच विमान फिरवायचं, ११:५० ला सोडायचं, १:०० ला जेजूला टेकवायचं. पाच मिनिटं हातात राहतात आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या जशाच्या तशा. मला त्या मांडणीचा अभिमान वाटत होता.

आमच्या टीमजांगनिमनी, म्हणजे टीमप्रमुखांनी, ती बघितली आणि विचारलं, "आणि सकाळी सहा मिनिटं उशीर झाला तर?"

"तर वर घिरट्या घालाव्या लागतील. चाळीसेक मिनिटं."

"१८९ माणसं घेऊन. आणि मग उरलेल्या पाच फेऱ्यांना चाळीस मिनिटं उशीर."

त्यांनी चौथी फेरी पुढे ढकलली. १२:३५ ला गिंपोहून निघून १:४५ ला जेजूला. म्हणजे विमान गिंपोला सव्वा तास नुसतं उभं. शेवटची फेरी रात्री १०:५५ ला उतरणार, बंदीच्या पाच मिनिटं आधी. मी वाद घातला. आमच्या तक्त्यात अशा जास्तीच्या मिनिटांसाठी एक वेगळा रकाना आहे, त्याचं कोरियन नाव मराठीत आणायचं तर 'वाया वेळ'. त्यात ३५ हा आकडा लिहिताना मला खरोखर वाईट वाटलं होतं.

त्या दिवशी विमान ११:२० ला वेळेवर आलं. साडेअकराला रॅम्पवरून, म्हणजे विमानं उभी करतात तिथून, फोन. उजव्या बाजूच्या मुख्य चाकाच्या टायरवर काप सापडला होता, आतला धागा दिसत होता. धागा दिसला की चर्चा नसते, चाक बदलायचं. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढण्याआधी ड्रायव्हर टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबीने, टायर ठोकत गाडीभोवती फिरायचे, ते मला त्या क्षणी आठवलं. बाबा त्यांना कधीही घाई करत नसत. खिडकीबाहेर प्रवासी ओरडत असले तरी.

जॅक लागला, चाक उतरलं, नवं चढलं, कागदावर सही झाली. १२:१५. प्रवासी चढले. १२:३७ ला, दोन मिनिटं उशिरा, विमान हललं. माझ्या मांडणीप्रमाणे ते ११:५० ला सुटणार होतं. त्या मांडणीत चाक बदलून निघेपर्यंत बंदीची वेळ आडवी आली असती, पुढच्या फेऱ्या ढासळल्या असत्या आणि नववी कदाचित रद्दही झाली असती. मी टीमजांगनिमकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

१:०५ वाजले. एरवी आमच्या खोलीत दर मिनिटाला कुणीतरी काहीतरी ओरडत असतं. त्या पस्तीस मिनिटांत फक्त पंख्याचा आवाज होता. पडद्यावर विमानांच्या खुणा घारींसारख्या गोल फिरत होत्या, त्यात आमचं चाक बदललेलं विमान नव्हतं, ते अजून वाटेवर होतं. रात्रपाळीची मुलगी घरी गेली नव्हती. ती कोपऱ्यात हात जोडून बसली होती. कुठल्यातरी शाळेत तिचा भाऊ स्पीकरमधून येणारं इंग्रजी ऐकत होता, आणि त्याला ऐकू यावं म्हणून आम्ही सगळ्यांनी हात आखडून घेतले होते. या देशावर माझं जे प्रेम आहे त्यातलं बरंचसं त्या पस्तीस मिनिटांत आहे.

१:४० नंतर सगळ्यांनाच एकदम उतरायचं होतं. आमचं विमान १:५२ ला टेकलं. ती सात मिनिटं केबिन क्रूने आणि सफाईवाल्या मावश्यांनी पुढच्या फेऱ्यांत थोडी थोडी करून परत मिळवली. रात्री १०:५४ ला गिंपोच्या धावपट्टीवर चाकं टेकली, त्यातलं एक त्याच दिवशी बसवलेलं. मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "टायर आतून गेला होता की बाहेरून?"

साडेसहा आठवड्यांनी, २९ डिसेंबरच्या रविवारी सकाळी, कोरियातल्याच मुआन विमानतळावर जेजू एअरचं बँकॉकहून आलेलं विमान चाकं न उघडता पोटावर उतरलं, धावपट्टी ओलांडून काँक्रीटच्या बांधावर आदळलं. १८१ पैकी १७९ माणसं गेली. वाचले ते फक्त दोन केबिन क्रू. तेही ७३७-८०० होतं. आमच्या खोलीत त्या दिवशी काम चालूच होतं, कारण विमानं उडत होती, पण माणसं रडत रडत काम करत होती. काही दिवसांत जेजू एअरने हिवाळ्यातली बरीच उड्डाणं कमी केली. विमानं दिवसाला किती उडवायची, त्यांच्या देखभालीला किती वेळ द्यायचा, यावर देशभर बोलणं सुरू झालं.

जानेवारीत मी टीमजांगनिमकडे नवं वेळापत्रक घेऊन गेले. प्रत्येक थांब्याला पाच मिनिटं वाढवली होती, चाळीसची पंचेचाळीस. आठ थांबे, आठ पंचे चाळीस. नववी फेरी बरोबर ११ वाजता उतरते, म्हणजे उतरूच शकत नाही. वरच्या बैठकीत मला विचारलं गेलं की एका फेरीची वर्षाची किंमत किती. मी आकडा सांगितला, तो मोठा होता. मग विचारलं गेलं की पाच मिनिटांत मेकॅनिक नेमकं काय करणार. मी सांगितलं, चाकांभोवती आणखी एक फेरी मारेल.

मंजुरी यायला मार्च उजाडला. ते विमान आता जेजूहून सुटतं आणि जेजूलाच मुक्कामी जातं. त्याच्या ओळीत आठ फेऱ्या आहेत.