वीतभर भोक

ठाण्यात वागळे इस्टेटच्या किसननगर भागात कुणीतरी कूपनलिका (बोअर) मारली आणि जमिनीखाली शंभर मीटरहून खोल असलेल्या जलबोगद्यालाच भोक पडलं. मुंबईला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी याच बोगद्यातून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं. लांबी १५ किलोमीटर, व्यास ५.५ मीटर. बोगदा रिकामा केल्याशिवाय दुरुस्ती होणं शक्य नव्हतं, म्हणून ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. त्या दुरुस्तीवर मी साइट इंजिनिअर होतो. मुलुंडची माझी ताई रोज रात्री फोन करायची, "अजून किती दिवस रे?"

पंपांनी पाणी उपसून झाल्यावर आम्ही पहिल्यांदा खाली उतरलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. शाफ्टमध्ये, म्हणजे बोगद्यात उतरायच्या उभ्या विहिरीत, आधी ब्लोअर चालवून हवा खेळवली. मग दोरीला गॅस मीटर बांधून खाली सोडला. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीच उतरायचं नाही, मग वरून कितीही फोन येवोत. आकडा बरोबर आल्यावर खाली सोडायच्या पाळण्यात बसलो. वर ठाण्याचं उन्हाळी ऊन भाजत होतं, खाली अंगावर काटा येईल इतका गारवा. दुमजली घर मावेल एवढा तो काळोख. गमबुटाखाली गाळ चिकचिकत होता, आणि खूप लांबून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

आवाजाच्या दिशेने चालत गेलो. बॅटरी वर केली तर छताच्या कडेला काँक्रीटच्या अस्तरात ते भोक. गोल, स्वच्छ, वीतभर. त्यातून मनगटाएवढी धार पडत होती, आणि धारेखाली काळ्या दगडाच्या चुऱ्याचा लहानसा ढीग साचला होता. बोअरचं बिट, म्हणजे रॉडच्या टोकाचं पातं, बेसाल्टचा काळा खडक फोडत थेट आत आलं होतं. बोगदा भरलेला असताना हेच भोक दाबाखालचं पाणी वर फेकत होतं. वर बोअर मारणाऱ्यांना काय वाटलं असेल? केवढं पाणी लागलं म्हणून हरखलेच असतील. कुणाच्या आनंदाला नावं ठेवायची नाहीत, पण ते पाणी तहानलेल्या लाखो घरांच्या वाट्याचं होतं, आणि मला त्याचा मनापासून राग आला.

आमचे मिस्त्री तात्या पाटणचे. उमेदीत कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यांत राबलेले. मी घाईने म्हणालो, "तात्या, लगेच बुच मारूया." त्यांनी मान हलवली. "न्हाई साहेब. पाणी अडवाया गेलं की ते शेजारनं फुटतं. आधी त्येला वाट द्यायची."

तसंच केलं. भोकात व्हॉल्व्ह लावलेला पाइप बसवला आणि सगळी धार पाइपातून काढून दिली. मग पाइपाच्या भोवतीची फट चटकन घट्ट होणाऱ्या सिमेंटने भरली. तात्या हातमोजा काढून उघड्या बोटांनी ते दाबत होते. किती ओढ आहे ते बोटांनाच कळतं, म्हणाले. बाजूच्या खडकात छिद्रं पाडून दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ, सोडला. खडकातल्या भेगांनी किती माल गिळला! पोत्यांमागून पोती. व्हॉल्व्ह शेवटी बंद केला. कुणीच बोलत नव्हतं. सगळे त्या ओल्या डागाकडे बघत उभे. तात्यांनी तळहात काँक्रीटला लावला, बराच वेळ तसाच ठेवला, मग कपाळाला लावला.

काम ठरल्या मुदतीआधी उरकलं. ताईचा फोन आला तेव्हा मी शाफ्टच्या तोंडाशीच होतो. तिला काही सांगायला गेलो तर आवाजच फुटेना.

त्यानंतर चार-पाच आठवड्यांनी संध्याकाळी घरी येताना रस्त्याकडेला बोअरची गाडी उभी दिसली. रॉड जोडायचं काम चाललं होतं. गाडी थांबवून मी उतरलो.

"दादा, परवानगी घेतलीय का? इथून खाली काय जातं, विचारलंय कुणाला?"

"सोसायटीने सांगितलंय मारायला."

"किती फूट मारणार?"

त्याने रॉडवर हात ठेवला. "पाणी लागेस्तोवर."

मी त्याला म्हटलं, मशीन बंद ठेवा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना खाली बोलवा. ते येईपर्यंत मी तिथून हललो नाही.