पंधरा तालुके आणि एक काळा चौकोन: डी-थ्री शिकतानाचा माझा अनुभव

नाशिक जिल्ह्यातील १५ तालुक्यांचा पाऊस दाखवणारा नकाशा ब्राउझरमध्ये काढावा आणि तालुक्यावर माउस नेताच त्याचा आकडा दिसावा, एवढ्याच हेतूने मी आकड्यांवरून आलेख आणि नकाशे काढणारी डी-थ्री ही जावास्क्रिप्टची लायब्ररी शिकायला घेतली. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, सुरगाणा हे धो-धो पावसाचे तालुके आणि पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव हा कोरडा पट्टा. हा फरक तक्त्यातून कधीच नीट उमगत नाही, नकाशातून लगेच उमगतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तालुकानिहाय आकडे मिळतात. स्तंभालेख आणि रेषालेख सरावाने जमले, त्यामुळे त्यांविषयी वेगळे लिहीत नाही.

खरी अडचण नकाशाने केली. तालुक्यांच्या सीमांची जिओजेसन फाईल (सीमेवरील बिंदूंचे अक्षांश-रेखांश मजकूररूपात नोंदवणारी फाईल) जोडल्यावर पडद्यावर तालुक्यांऐवजी एक काळाकुट्ट चौकोन उमटला. कन्सोलमध्ये चूक दाखवणारी एकही ओळ नव्हती, आणि तीच फाईल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पेठपासून नांदगावपर्यंत सगळा जिल्हा व्यवस्थित दिसत होता. संगणक काही तक्रार करत असेल तर त्या तक्रारीचा शोध तरी घेता येतो. तो निमूटपणे चुकीचे चित्र काढत असेल तर नवशिक्याने कुठे पाहावे? मी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडण्याची पद्धत, बदलले, सीमांची दुसरी फाईल मिळवली, कोड मुळापासून पुन्हा लिहिला, तरी चौकोन जागचा हलला नाही. मी पाहिलेल्या प्राथमिक धड्यांपैकी एकातही या गोष्टीचा उल्लेख नव्हता, याचा राग मला आजही आहे.

धागा सापडला तो माउसमुळे. नकाशाचे केंद्र आणि मोजमाप हाताने ठरवून मी तालुक्याचे नाव दाखवणारी चौकट जोडली, तेव्हा माउस कुठेही नेला तरी ‘येवला’ हेच नाव येऊ लागले. फक्त पूर्वेकडे, जिथे खरोखर येवला असायला हवा त्या जागी, ‘त्र्यंबकेश्वर’ दिसत होते. फाईलमध्ये नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने असल्यामुळे येवला सर्वांत शेवटी आणि त्र्यंबकेश्वर त्याच्या आधी होता, आणि नंतरचा आकार आधीच्यावर काढला जातो, म्हणजे येवल्याचा आकार येवला सोडून उरलेली सगळी पृथ्वी व्यापून सर्वांत वर बसला होता. डी-थ्रीमधील जिओएरिया या फंक्शनने येवल्याचे क्षेत्रफळ काढले, तर उत्तर सुमारे १२.५६ आले, आणि संपूर्ण गोलाचे मापही, ४ गुणिले पाय (π), तेवढेच असते. हा आकडा पाहिला आणि जीव भांड्यात पडला.

कारण असे आहे की गोलावर काढलेल्या बंद रेषेला दोन बाजू असतात आणि त्यांपैकी आतली कोणती, हे बिंदूंच्या क्रमावरून ठरवावे लागते. लहान आकाराची बाहेरची कडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलेली असावी, अशी डी-थ्रीची अपेक्षा असते, तर २०१६ साली आलेले जिओजेसनचे प्रमाण, आरएफसी ७९४६, नेमकी उलट दिशा सांगते. म्हणजे फाईल जितकी नियमानुसार, तितका नकाशा बिघडणार! क्यूजीआयएससारखी सॉफ्टवेअर सीमा सपाट कागदावर असल्याप्रमाणे काढतात, म्हणून त्यांना या क्रमाने फरक पडत नाही. उपाय मात्र अगदी छोटा आहे: प्रत्येक कडेच्या बिंदूंची यादी उलटी करावी, किंवा टर्फ या लायब्ररीतील रिवाइंड हे फंक्शन रिव्हर्स हा पर्याय देऊन वापरावे. तसे केले आणि पंधराही तालुके आपापल्या जागी उभे राहिले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता आठवले म्हणून सांगते: नकाशाचे वेबपान दोनदा क्लिक करून उघडल्यास ब्राउझर शेजारची फाईल वाचू देत नाही, त्यासाठी आपल्याच संगणकावर पायथनचा लहानसा सर्व्हर सुरू करावा लागतो. धडा निवडताना तो डी-थ्रीच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे हे आधी पाहावे, कारण २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत फाईल वाचण्याची पद्धत बदलली आणि २०२० च्या सहाव्या आवृत्तीत माउसच्या घटना हाताळण्याची. जुना कोड जसाच्या तसा उतरवला तर तो चालत नाही. सीएसव्हीतील, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाईलमधील, आकडे मजकूर म्हणून येतात, हेही लक्षात असू द्यावे. लासलगावच्या कांद्याचे भाव ९०० आणि २४०० असतील, तर संख्येत रूपांतर करेपर्यंत डी-थ्रीला ९०० हाच मोठा वाटतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. देवनागरी अंक तर जावास्क्रिप्ट संख्या म्हणून स्वीकारतच नाही. ते आधी बदलून घ्यावेत.

माहितीची चौकट माउसखाली लुकलुकत असेल, तर तिच्या शैलीत पॉइंटर-इव्हेंट्सला नन ही किंमत द्यावी, म्हणजे चौकट स्वतःच माउस अडवत नाही. मोबाईलवर माउस नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक जण मोबाईलवरच पाहणार, म्हणून तालुक्यावर बोट टेकताच आकडा दिसेल अशी सोय पहिल्यापासून ठेवावी.